संशोधन वर्गापर्यंत कसे पोचेल?

(प्राथमिक शाळांचे मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख यांच्यापुढे दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



‘शैक्षणिक संशोधन’ हा शब्द उच्चारला की आपल्यापैकी अनेकांच्या डोळ्यांपुढे विद्यापीठाच्या ग्रंथालयातील जाडजूड प्रबंध उभे राहतात. त्या प्रबंधांचा आणि आपल्या वर्गातील फळ्याचा संबंध काय, असा प्रश्न शिक्षकाच्या मनात आला तर त्याला दोष देता येणार नाही. समोर तीस-चाळीस मुले बसलेली असतात. एकीकडे पोषण आहाराची नोंद करावयाची असते, दुसरीकडे वरून मागविलेली माहिती आजच्या आज पाठवावयाची असते. अशा वेळी संशोधनाची भाषा परकी वाटणे स्वाभाविक आहे. तथापि गेल्या पंचवीस वर्षांत आपल्या देशात, आणि त्याचा आरंभ तर आपल्या मुंबईत व शेजारच्या बडोद्यात, असे काही संशोधन झाले आहे की ज्याचा विषय अगदी आपल्या उंबरठ्यावरचा आहे. पाचवीत बसलेल्या परंतु दुसरीचे पुस्तक वाचू न शकणाऱ्या मुलासाठी शाळेने उद्या सकाळी काय करावे, हा तो विषय होय.

या संशोधनाने दोन प्रश्नांची उत्तरे शोधली. मागे पडलेल्या मुलाला नेमके काय हवे असते, हा पहिला प्रश्न. ते त्याला सरकारी शाळेच्या नित्याच्या कारभारातून कसे मिळेल, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर लवकर आणि सोपे मिळाले. दुसऱ्याचे उत्तर मिळण्यास दहा-बारा वर्षे लागली, मध्ये अनेकदा अपयश आले. आणि जे उत्तर अखेर हाती आले त्याचा संबंध शिक्षकाइतकाच, किंबहुना अधिक, मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख यांच्याशी आहे. म्हणूनच आज आपल्यापुढे हा विषय मांडीत आहे.

प्रश्नाचे स्वरूप

‘प्रथम’ या संस्थेच्या पुढाकाराने २००५ पासून ग्रामीण भारतात ‘असर’ या नावाने ओळखले जाणारे सर्वेक्षण होत आले आहे. त्याची रीत आपणांस परिचित आहेच. घरोघरी जाऊन एकेका मुलाला समोर बसवावयाचे आणि त्याला अक्षरे, शब्द, लहान परिच्छेद व दुसरीच्या पातळीची एक गोष्ट वाचावयास द्यावयाची. पाचवीतील किती मुले ही दुसरीची गोष्ट वाचू शकली? २०१८ साली देशाच्या ग्रामीण भागात हे प्रमाण ५०.५ टक्के होते. महामारीमुळे शाळा दीर्घकाळ बंद राहिल्यानंतर २०२२ साली ते ४२.८ टक्क्यांवर आले आणि २०२४ साली ४८.८ टक्क्यांपर्यंत सावरले. याचा सरळ अर्थ असा, की पाचवीच्या वर्गातील सुमारे निम्म्या मुलांपुढे आपण जे पुस्तक उघडतो ते त्यांच्यासाठी बंदच असते.

ही मुले शाळेत येत नाहीत असे नाही. ती पटावर आहेत आणि पुष्कळदा वर्गातही असतात. मग असे का व्हावे? अभ्यासक्रम दिनदर्शिकेप्रमाणे पुढे सरकतो आणि मूल स्वतःच्या गतीने सरकते. दुसरीत जोडाक्षरे राहून गेली, तर तिसरीत ती पुन्हा शिकविली जातील अशी कोणतीही तरतूद वेळापत्रकात नसते. हातच्याची वजाबाकी कच्ची राहिलेल्या मुलाला चौथीत भागाकार समजणे शक्यच नसते. दरवर्षी अंतर वाढते आणि एके दिवशी ते मूल ऐकण्याचेच सोडून देते. आपण त्याला ‘लक्ष देत नाही’ असा शेरा देतो. वस्तुतः जे बोलले जात आहे ते त्याच्यासाठी बोललेलेच नसते.

हा दोष केवळ आपल्या देशापुरता नाही. १९९६ साली पश्चिम केनियातील ग्रामीण प्राथमिक शाळांना पाठ्यपुस्तके मोफत पुरविण्यात आली आणि मायकेल क्रेमर व त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याचा परिणाम मोजला. पुस्तके मिळाल्यावर गुण वाढतील अशी सर्वांची अपेक्षा होती. सरासरी गुण मुळीच वाढले नाहीत. आधीपासून पुढे असलेल्या मुलांना मात्र लाभ झाला. पुस्तके इंग्रजीत होती आणि बहुतेक मुलांची ती तिसरी भाषा होती. मेळघाटात घरी कोरकू बोलणारे किंवा नंदुरबारच्या डोंगराळ भागात भिली, पावरी बोलणारे मूल पहिल्यांदा मराठी पुस्तक उघडते, तेव्हा त्याची अवस्था काय होत असेल याची कल्पना त्या भागातील शिक्षकांना निराळी सांगावयास नको. पुस्तक चांगले असणे आवश्यक आहे. परंतु जो त्याच्या पहिल्या पायरीपर्यंतच पोचलेला नाही, त्याला चांगल्या पुस्तकाचाही उपयोग होत नाही.

मुंबई आणि बडोद्याचा प्रयोग

नव्वदच्या दशकाच्या मध्यास मुंबईत सुरू झालेल्या ‘प्रथम’ने महानगरपालिकेच्या शाळांतून ‘बालसखी’ नावाचा उपक्रम हाती घेतला. वस्तीतीलच, माध्यमिक शाळेपर्यंत शिकलेली एक तरुणी दररोज सुमारे दोन तास शाळेत येई. तिसरी-चौथीच्या वर्गातील मागे पडलेली पंधरा-वीस मुले ती बाजूला घेई आणि त्यांना पहिली-दुसरीत राहून गेलेले वाचन व अंकगणित शिकवी. तिला महिन्याला ५०० ते ७५० रुपये मानधन मिळे.

अभिजित बॅनर्जी, एस्थर दुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ ते २००३ या काळात मुंबई व बडोदे येथील शाळांत या उपक्रमाचा परिणाम मोजला. मोजण्याची पद्धत लक्षात घेण्याजोगी आहे. कोणत्याही शाळेला उपक्रमापासून वंचित ठेवावयाचे नव्हते. म्हणून शाळांचे चिठ्ठ्या टाकाव्यात त्याप्रमाणे दोन गट पाडले. एका गटातील शाळांना एका इयत्तेसाठी बालसखी दिली, दुसऱ्या गटाला दुसऱ्या इयत्तेसाठी. त्यामुळे प्रत्येक शाळेला काही ना काही मिळाले आणि एकाच इयत्तेच्या मुलांची तुलनाही करता आली.

पहिल्या वर्षी गुणांतील वाढ प्रमाण विचलनाच्या ०.१४ पट व दुसऱ्या वर्षी ०.२८ पट आढळली. शिक्षणक्षेत्रातील प्रयोगांत ही वाढ लक्षणीय मानली जाते. परंतु सरासरीपेक्षा तपशील अधिक बोलका आहे. सर्वाधिक लाभ वर्गातील सर्वांत मागच्या मुलांना झाला. ही मुले बाहेर गेल्यामुळे मूळ वर्ग लहान झाला होता. तरीही तेथे उरलेल्या मुलांच्या प्रगतीत विशेष फरक पडला नाही. म्हणजे संख्या घटल्याने आपोआप काही घडले नाही. मुलाला त्याच्या पातळीवरून शिकविले गेले, यामुळे घडले. त्याबरोबरच आणखी एक गोष्ट प्रांजळपणे नोंदविली गेली. उपक्रम संपल्यानंतर वर्षभराने तपासले असता मिळविलेल्या वाढीचा बराच भाग ओसरलेला होता. एका वर्षाच्या औषधाने जन्माचे दुखणे जात नाही, एवढा बोध त्यातून घ्यावा.

या व अशा प्रयोगशील कार्यासाठी बॅनर्जी, दुफ्लो आणि क्रेमर यांना २०१९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्या कीर्तीच्या मुळाशी महापालिकेच्या साध्या शाळांतील मुलेही आहेत, याचा आपणांस अभिमान वाटावा. परंतु आपल्या कामाच्या दृष्टीने खरा प्रश्न येथून पुढे सुरू होतो.

चांगली गोष्ट शाळेत का रुजत नाही?

बालसखी बाहेरून आलेली होती. जे तिला साधले ते नियमित शिक्षकाला, शाळेच्या नित्य वेळेत साधेल काय? याचा शोध पुढील दशकभर निरनिराळ्या राज्यांत घेतला गेला आणि त्यातील अपयशांनी यशाइतकेच शिकविले.

उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ साली गावोगाव सभा घेऊन पालकांना मुलांच्या स्थितीची माहिती देण्यात आली. केवळ सभांनी मुलांच्या शिक्षणात काहीही बदल झाला नाही. गावातील स्वयंसेवकांनी वाचनवर्ग चालविले तेथे उपस्थित मुले निश्चितपणे वाचू लागली. परंतु गावातील फारच थोडी मुले अशा वर्गांना आली. तेव्हा शाळेबाहेर राहून हे काम पुरे होणार नाही, हे उघड झाले.

पुढे २००८ ते २०१० या काळात बिहारमध्ये प्रयोग झाला. उन्हाळी सुटीतील महिनाभराच्या वर्गांत सरकारी शिक्षकांनीच या पद्धतीने शिकविले आणि मुलांची प्रगती झाली. म्हणजे शिक्षकाला हे येत नाही, हा आक्षेप गळून पडला. मात्र शाळेच्या नियमित वर्षात केवळ साहित्य दिले तेथे परिणाम दिसला नाही. साहित्य आणि प्रशिक्षण दोन्ही दिले तेथेही दिसला नाही. उत्तराखंडात शाळांना स्वयंसेवक देण्यात आले. ते शिक्षकांचे मदतनीस होऊन नेहमीच्याच कामात सामावून गेले आणि मुले होती तेथेच राहिली.

हा निष्कर्ष आपण थोडे थांबून पाहावा. तोच शिक्षक, तेच साहित्य, तीच पद्धत. सुटीत जमले ते शाळेच्या दिवसांत का जमले नाही? कारण सुटीत त्याच्यापुढे एकच काम होते. शाळा सुरू झाली की पाठ्यक्रम पूर्ण करणे हे त्याचे कर्तव्य ठरते. त्याच्याकडे विचारणा होते ती किती घटक झाले याची. मागे पडलेल्या मुलासाठी वेळापत्रकात जागा नव्हती आणि तपासणीच्या नमुन्यात रकाना नव्हता. शिक्षक प्रशिक्षणात शिकलेले विसरला नव्हता. ते वापरण्यास त्याला अवकाश नव्हता.

हरियाणातील उत्तर

२०१२-१३ साली हरियाणातील सरकारी शाळांत हीच अडचण ध्यानी घेऊन योजना आखली गेली. तिच्यात तीन गोष्टी होत्या. पहिली, दररोज एक तास केवळ याच कामासाठी राखून ठेवण्यात आला. दुसरी, त्या तासात तिसरी ते पाचवीची मुले इयत्ता बाजूला ठेवून वाचनाच्या पातळीप्रमाणे प्रत्यक्ष निरनिराळ्या खोल्यांत बसविली गेली. तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपल्याकडील केंद्रप्रमुखांशी ज्यांची तुलना करता येईल, अशा पर्यवेक्षकांना प्रथम चार दिवसांचे प्रशिक्षण दिले गेले. त्यानंतर त्यांनी स्वतः पंधरा-वीस दिवस मुलांना या पद्धतीने शिकविले. आणि मगच ते शिक्षकांना मार्गदर्शन करण्यास गेले. हिंदी वाचनात प्रमाण विचलनाच्या ०.१५ पट वाढ दिसून आली. आकडा बालसखीपेक्षा लहान आहे, परंतु तो नियमित शिक्षकांनी, नियमित शाळेत मिळविलेला आहे.

त्याच राज्यात, त्याच काळात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचाही परिणाम तपासण्यात आला. शिक्षकांना नोंदवह्या मिळाल्या, प्रशिक्षण मिळाले, नोंदी होऊ लागल्या. मुलांच्या वाचनात अथवा गणितात मात्र मोजण्याजोगा फरक पडला नाही. मूल्यमापनाचे तत्त्व चुकीचे आहे असा याचा अर्थ नव्हे. मुलाला काय येत नाही हे लिहून ठेवले आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सर्वांना एकच पाठ शिकविला, तर ती नोंद कागदावरच राहते. ताप मोजून कोणाचा ताप उतरत नाही.

मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुख यांचे काम

आता हे सर्व आपल्या शाळेत कसे उतरेल? २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पायाभूत साक्षरता व संख्याज्ञान यांस अग्रक्रम दिला आहे आणि २०२१ साली सुरू झालेल्या ‘निपुण भारत’ अभियानाने तिसरीअखेर प्रत्येक मुलास ही कौशल्ये यावीत, यासाठी २०२६-२७ ही मर्यादा घातली आहे. धोरण अनुकूल आहे. उरतो तो वेळापत्रकाचा प्रश्न, आणि वेळापत्रक मुख्याध्यापकाच्या हातात असते.

मुख्याध्यापकाने आरंभी एक आठवडा काढून दुसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाचे वाचन स्वतंत्रपणे ऐकावे. एका मुलास चार-पाच मिनिटे पुरतात. अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट असे चार गट आपोआप तयार होतील. नंतर दिवसातील एक तास निश्चित करावा आणि त्या तासात सभा, माहिती किंवा अन्य कार्यक्रम येऊ देऊ नये. द्विशिक्षकी शाळेत चार खोल्या आणि चार शिक्षक कोठून आणावयाचे, असे कोणी विचारील. तेथे दोन गट करावेत: अक्षर-शब्द वाचणाऱ्यांचा एक, परिच्छेद-गोष्ट वाचणाऱ्यांचा दुसरा. बहुवर्ग अध्यापनाची सवय असलेल्या आपल्या शिक्षकांना इयत्तांच्या भिंती ओलांडणे अवघड वाटण्याचे कारण नाही.

यावर दोन आक्षेप घेतले जातात आणि ते दोन्ही विचारार्ह आहेत. गट पाडल्याने मुलावर कायमचा शिक्का बसेल, हा पहिला. भीती खरी आहे. म्हणूनच हा गट दिवसातील एका तासापुरता असावा, उरलेला वेळ मूल आपल्या इयत्तेतच बसावे, आणि दर काही आठवड्यांनी पुन्हा वाचन ऐकून त्याला पुढे सरकवावे. ज्या गटातून वर्षभर कोणीच पुढे जात नाही, त्या गटाची पद्धत तपासावयास हवी. मुलाची कुवत नव्हे. पुढे असलेल्या मुलांचे नुकसान होईल, हा दुसरा आक्षेप. केनियात पहिलीच्या वर्गाला दुसरा शिक्षक देऊन मुलांची पातळीप्रमाणे विभागणी केली, तेव्हा पुढची आणि मागची अशी दोन्ही प्रकारची मुले अधिक शिकली, असा निष्कर्ष २०११ साली प्रसिद्ध झाला. शिक्षकाला समोरच्या मुलांची पातळी ठाऊक झाली की त्याचे शिकविणे सर्वांसाठीच नेमके होते.

केंद्रप्रमुखांना माझी विनंती निराळी आहे. आपण शाळेस भेट देता तेव्हा टाचणवही, हजेरी आणि अभिलेख पाहता. त्याबरोबर प्रत्येक भेटीत कोणत्याही पाच मुलांचे वाचन स्वतः ऐकावे आणि शेरेपुस्तकात ते लिहावे. शिवाय वर्षारंभी निदान पंधरा दिवस एका शाळेत राहून मागच्या गटाला स्वतः शिकवावे. ज्याने कालच त्या मुलांपुढे उभे राहून घाम गाळला आहे, त्याचा सल्ला शिक्षक मोकळ्या मनाने ऐकतो. हरियाणाच्या अनुभवाचे मर्म येथे आहे, असे मी मानतो.

शिक्षक हाच संशोधक

येथवर मी इतरांनी केलेल्या संशोधनाविषयी बोललो. परंतु प्रत्येक केंद्राचा प्रश्न थोडा वेगळा असतो आणि त्याचे उत्तर कोणताही परका अभ्यासक आणून देणार नाही. अमेरिकेत स्टीफन कोरी यांनी १९५३ साली शालेय कामकाजाच्या सुधारणेसाठी कृतिसंशोधनाचा पुरस्कार करणारे पुस्तक लिहिले. तेव्हापासून हा शब्द अध्यापक महाविद्यालयांतून रूढ झाला आणि आपण सर्वांनी पदविकेसाठी त्याची एकेक वही लिहिलेली आहे. त्या वह्यांतील बहुतेक प्रत्येक उपक्रम यशस्वी झालेला असतो! जेथे एकही प्रयोग फसत नाही, तेथे खरा प्रयोग झालेलाच नसतो.

आपल्याकडे याहून जिवंत परंपरा आहे. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डी व पुढे कोसबाड येथे आदिवासी मुलांसाठी काम केले. मुले शाळेत येत नाहीत ती का, हे त्यांनी पाड्यावर जाऊन पाहिले. मुले गुरे चारावयास जातात असे दिसले, तेव्हा शाळाच कुरणावर नेली आणि ‘कुरणशाळा’ जन्मास आली. निरीक्षण, कारणाचा शोध, कृती आणि पुन्हा निरीक्षण, हाच तो संशोधनाचा क्रम होय.

तेव्हा मासिक शिक्षण परिषदेत एक लहान प्रश्न घ्यावा. उदाहरणार्थ, रोज दहा मिनिटे मोठ्या मुलाने लहान मुलाला गोष्ट वाचून दाखविली, तर लहानाचे वाचन सुधारते काय? मुंबई-बडोद्याची युक्ती येथे उपयोगी पडेल. केंद्रातील निम्म्या शाळांनी हा उपक्रम जूनमध्ये सुरू करावा, उरलेल्यांनी दिवाळीनंतर. कोणी आधी करावयाचे ते चिठ्ठ्या टाकून ठरवावे. दिवाळीपूर्वी सर्व शाळांतील मुलांचे वाचन एकाच कसोटीवर, आणि शक्य तर दुसऱ्या शाळेच्या शिक्षकाकडून, तपासून घ्यावे. दहा-बारा शाळांवरून सिद्धांत मांडता येत नाही. परंतु आपल्या केंद्राने पुढे काय करावे, हे ठरविण्यास पुरेसा आधार मिळतो. आणि फरक न आढळल्यास तसेच लिहावे. ते लिहिण्याचे धैर्य शिक्षकास यावे, यासाठी अपयशाची नोंद करणाऱ्याला खुलासा मागितला जाणार नाही, असे आश्वासन अधिकाऱ्यांनी द्यावयास हवे.

मित्रहो, संशोधनाने आपल्या हाती दिलेली गोष्ट मुळात साधी आहे. मूल जेथे आहे तेथून शिकवावे, त्यासाठी रोजचा तास राखावा आणि त्या तासाकडे जाणत्या माणसाने नियमित लक्ष द्यावे. यासाठी मोठा निधी लागत नाही. चिकाटी मात्र लागते, आणि ती वर्षानुवर्षे लागते. आज पाचवीत असलेल्या मुलाला मात्र तितकी वर्षे थांबता येणार नाही. त्याच्यापाशी प्राथमिक शाळेतील मोजकेच महिने उरले आहेत. येत्या सोमवारी आपण आपल्या शाळेत परताल तेव्हा त्याला जवळ बोलावून त्याचे वाचन ऐकावे, एवढी विनंती करून मी आपली रजा घेतो.